रिमोटचा पंखा : चैन की गरज?

जयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांमधून लगबग सुरू होते. भिंतींना रंग लागतो. तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर खाली उतरवून पुसली जाते. दारावर पंचशील ध्वज फडकतो. १४ एप्रिल म्हणजे ऐन उन्हाळा, त्यामुळे मुलांच्या नव्या कपड्यांबरोबर घरातल्या पंख्याचा विषयही हमखास निघतो. जुना पंखा कुरकुरतो, वारा कमी आणि आवाज जास्त. तेव्हा यंदा नवा घ्यायचाच, असे ठरते. दुकानात पाऊल टाकले की दुकानदार विचारतो, "साधा दाखवू की रिमोटवाला?"

या प्रश्नापाशी आपली माणसे थबकतात. कोणी म्हणतो, "रिमोट म्हणजे श्रीमंतांचे चोचले, उठून बटण दाबायला काय हात मोडलेत?" कोणी शेजारच्याने घेतला म्हणून घेऊन टाकतो. वास्तविक दोघेही विचार करत नाहीत. पहिला न पाहताच नाही म्हणतो, दुसरा न पाहताच हो म्हणतो. कालाम सुत्तात तथागतांनी कालामांना जे सांगितले त्याचा सारांश हाच आहे की, परंपरेने चालत आले म्हणून किंवा कोणी मोठ्याने सांगितले म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. मग पंखा घेतानाही पारख का करू नये? आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यात हा पंखा आला. तो घेताना आणि बसवताना आम्ही काय शिकलो, कुठे चुकलो, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेखप्रपंच.

दोर कोणाच्या हाती होता?

इंग्रजांच्या काळात कचेरीत, कोर्टात, साहेबांच्या बंगल्यात छताला कापडाचा मोठा पंखा टांगलेला असे. त्याचा दोर भिंतीच्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जाई. तिथे एक गरीब माणूस बसून तो दोर तासन् तास ओढत राही. वारा आत साहेबाला, घाम बाहेर त्याला. त्याला डुलकी लागली तर आतून शिवी येई. वीज आली आणि त्या माणसाच्या हातातला दोर सुटला. यंत्राने माणसाची गुलामी कमी होते, ती अशी.

म्हणूनच विजेच्या प्रश्नाशी बाबासाहेबांचे नाव जोडलेले आहे, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. देशाच्या विजेच्या धोरणाचे काम त्यांच्याच खात्याकडे होते. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, ते याच काळात. गरिबीतून देशाला वर काढायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी वीज भरपूर आणि स्वस्त हवी, ही त्यांची भूमिका होती. तेव्हा विजेचे उपकरण समजून घेणे, ते जपून वापरणे, युनिटाचा हिशेब ठेवणे हे काही बाबासाहेबांच्या विचाराबाहेरचे काम नव्हे.

आईचा पंखा

आमच्या घरी आई आहे. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले. तिची खाट खिडकीपाशी आणि पंख्याचा बोर्ड दाराजवळ. रात्री सगळे झोपले की पंखा तीनवर चाले. पहाटे गार पडले की आईचे अंग दुखे, पण ती उठू शकत नसे. उन्हाळ्यात उलट होई. घामाने भिजली तरी कोणाला हाक मारत नसे. सून दुसऱ्या पाळीवरून रात्री साडेअकराला घरी येते, नातवाची परीक्षा आहे, त्यांची झोप कशाला मोडा, एवढाच तिचा विचार. एका रात्री ती बोर्डापर्यंत जायला निघाली आणि स्टुलाला अडखळून पडली. हाड मोडले नाही एवढेच. सकाळी विचारले तर म्हणाली, "मला काय गरज हाय पंख्याची? खिडकी हाय की."

त्या सकाळी आम्हाला कळले की रिमोट हे आळशी माणसाचे खेळणे नाही. अंगावर पिणारे तान्हे मूल घेऊन निजलेली बाळंतीण, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला माणूस, रात्रभर दम लागणारे आजोबा, अपंग मुलगा, यांच्यासाठी ती गरज आहे. ज्या घरात सगळे धडधाकट आहेत आणि बोर्ड हाताशी आहे, तिथे ती गरज नाही. तेव्हा "रिमोट घ्यावा का?" याचे उत्तर दुकानात नसून आपल्या घरातल्या खाटेवर आहे.

दोन वाटा

बाजारात रिमोटचा पंखा दोन तऱ्हेने मिळतो, हे आधी समजून घ्यावे.

पहिली वाट स्वस्तातली. आपला जुना पंखा ठणठणीत असेल तर त्याला जोडायचा रिमोटचा संच वेगळा मिळतो. एक छोटी डबी पंख्याच्या वरच्या कपात किंवा भिंतीवरच्या बोर्डात बसते आणि काही शे रुपयांत काम होते. गती रिमोटने बदलता येते. मात्र विजेची बचत होत नाही, कारण मोटर जुनीच राहते.

दुसरी वाट म्हणजे बी.एल.डी.सी. मोटरचा नवा पंखा. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. जुन्या पंख्यात तारेच्या वेटोळ्यांतून चुंबकशक्ती तयार होऊन मोटर फिरते आणि त्यात बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते. जुना पंखा तासभर चालला की त्याचे पोट गरम लागते, ते यामुळेच. नव्या पंख्यात फिरणाऱ्या भागावर कायमचे लोहचुंबक असतात आणि एक छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी मोटरला हवी तेवढीच वीज देते. गती सांभाळण्याचे काम ही पट्टीच करते, म्हणून तिला रिमोट जोडणे सोपे जाते. रेग्युलेटरची गरज उरत नाही.

जुना ४८ इंची पंखा पूर्ण गतीला साधारण ७५ वॅट वीज खातो. नवा पंखा तेवढ्याच वाऱ्याला ३० वॅटच्या आसपास खातो. गती कमी केली की त्याचा खर्च आणखी पुष्कळ खाली येतो. गावाकडे जिथे दाब कमी असतो तिथेही तो बऱ्यापैकी एकसारखा फिरतो, आणि ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांची बॅटरी जास्त वेळ टिकते.

हिशेब मांडूनच घ्या

आता पैशांचे बोलू. साधा पंखा आज दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो, बी.एल.डी.सी.ला अडीच ते साडेतीन हजार पडतात. म्हणजे हजार-दीड हजार जास्त. ते वसूल होतात का?

दिवसाला १२ तास पंखा चालतो असे धरू. ७५ वॅटचा पंखा १२ तासांत ९०० वॅट-तास, म्हणजे ०.९ युनिट खातो. ३० वॅटचा पंखा ०.३६ युनिट खातो. रोजची बचत ०.५४ युनिट. महिन्याची १६ युनिटे. वर्षातले आठ महिने पंखा चालला तर सुमारे १३० युनिटे. एका युनिटाला सगळे आकार धरून ८ रुपये पडत असतील, तर वर्षाला हजार-अकराशे रुपये वाचतात. म्हणजे वरचे पैसे वर्ष-दीड वर्षात निघाले.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि १०१ ते ३०० चा दर त्याहून बराच जास्त असतो. ज्या घराचे बिल ११०-११५ युनिटांवर येते, त्या घराला १६ युनिटांची बचत फार मोलाची, कारण वाचतात त्यांतली बहुतेक महागडीच युनिटे. आपले बिल काढा, त्यावरचा दर पाहा आणि पोरांना हा हिशेब वहीवर करायला लावा. त्यांचे गणितही होईल आणि घराचा कारभार कसा चालतो तेही कळेल.

पण ज्या खोलीत पंखा दिवसाला तीन-चार तासच चालतो, तिथे हे पैसे निघायला चार-पाच वर्षे लागतील. अशा खोलीत साधा पंखाच बरा. घरातले सगळे पंखे एकदम बदलण्याचे कारण नाही. जो सर्वांत जास्त चालतो, तो आधी बदलावा.

आणि कर्ज? सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने आपल्या मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. पंखा हा पहिल्या भागातला. तो चौथ्या भागातून किंवा सावकाराकडून घेऊ नये. हप्त्यावर घ्यायचा असेल तर सगळे हप्ते आणि वरचे शुल्क यांची बेरीज करून पाहावी, आणि ती रोखीच्या किमतीशी ताडावी. आम्ही तीन महिने भिशीत पैसे साठवले आणि रोखीने घेतला.

दुकानात काय पाहावे?

रंग आणि पात्यांवरची नक्षी शेवटी पाहा. आधी पुढील गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, तारांकित लेबल. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीचे लेबल सक्तीचे झाले आहे. जास्त तारे म्हणजे दर वॅटमागे जास्त वारा. सोबत आय.एस.आय.ची खूणही पाहावी.

दुसरी गोष्ट, वारा. खोक्यावर वॅट लिहिलेले असतात तसा वाराही लिहिलेला असतो, मिनिटाला इतके घनमीटर असा. ४८ इंची, म्हणजे १२०० मिलिमीटरच्या पंख्याला २१० ते २३० च्या दरम्यानचा आकडा चांगला. वॅट फारच कमी आणि वाराही कमी, अशा पंख्याने वीज वाचेल, पण घाम जाणार नाही.

तिसरी गोष्ट, आकार. दहा बाय दहाच्या खोलीला १२०० मिलिमीटरचा पंखा पुरतो. लहानशा स्वयंपाकघराला ९०० मिलिमीटरचा पुरे.

चौथी गोष्ट, रिमोटची जात. काही रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखे असतात. पंख्याकडे रोखून दाबावे लागतात. काही रेडिओ लहरींवर चालतात; ते पांघरुणातून दाबले तरी चालतात. अंथरुणावरच्या माणसाला दुसरा जास्त सोयीचा. दुकानातच रिमोट हातात घ्यावा. बटणे ठळक आहेत का, अंधारात चाचपून कळतील का, थरथरत्या बोटांना दाबता येतील का, हे पाहावे. ज्याच्यासाठी घ्यायचा त्याला दुकानात नेणे शक्य असेल तर उत्तमच.

पाचवी गोष्ट, रिमोट हरवला तर काय? बहुतेक पंखे भिंतीवरच्या बटणाने चालू-बंद होतातच. काही पंख्यांत ते बटण चटकन बंद-चालू करून गतीही बदलता येते. विचारून घ्या. सुटा रिमोट किती रुपयांना मिळतो तेही विचारा.

सहावी गोष्ट, दुरुस्ती. इथे खरे बोलले पाहिजे. जुन्या पंख्याचा कंडेन्सर गेला तर गल्लीतला वायरमन थोडक्या पैशांत बदलून देतो. मोटर जळाली तर ती नव्याने भरून मिळते. नव्या पंख्याची इलेक्ट्रॉनिक पट्टी गेली तर ती कंपनीचीच लागते आणि स्वस्त नसते. म्हणून हमी किती वर्षांची आहे, दुरुस्ती केंद्र आपल्या गावात किंवा तालुक्याला आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्यावी; पक्के बिल घ्यावे आणि दोन्ही एकत्र जपून ठेवावे. वीज कडाडत असेल तेव्हा पंखा भिंतीवरच्या बटणाने बंद ठेवावा, म्हणजे पट्टीला धोका कमी.

आमची फजिती

पंखा घरी आला आणि आम्ही स्वतःच तो बसवायला घेतला. जुना उतरवला, नवा त्याच हुकाला टांगला, त्याच तारा जोडल्या. बटण दाबले तर पंखा थोडा थरथरला, दोनदा झटके दिले आणि थांबला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. आम्ही दुकानदाराला मनातल्या मनात लाखोली वाहिली आणि खोके शोधू लागलो.

तेवढ्यात शेजारच्या चाळीतली एक मुलगी आली. आय.टी.आय.मधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून ती आता कामाला लागली आहे. आम्हाला वाटले, आजीला भेटायला आली असेल. तिने वर पाहिले, बोर्डाकडे पाहिले आणि विचारले, "काका, रेग्युलेटर काढला का?"

काढला नव्हता. तो दोनवर होता. या पंख्यांना वीज सरळ बटणातून लागते. मध्ये जुना रेग्युलेटर आला की इलेक्ट्रॉनिक पट्टीला पुरेशी वीज मिळत नाही आणि ती बिघडूही शकते. पंखा बिघडला नव्हता, अक्कल आमची कमी पडली होती.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तिने मेन स्विच बंद केला, शिडीवर चढली, वरचा कप खाली सरकवला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग आम्हाला वर बोलावले. पावसाळ्यात त्या कोपऱ्यातून स्लॅब झिरपतो. त्या पाण्याने हुक गंजून एका बाजूने निम्म्याहून कमी उरला होता. बोटाने खरवडले तर पापुद्रे निघत होते. शिवाय आम्ही बोल्ट लावला होता, पण त्यातली पिन खोक्यातच राहिली होती. खाली आईची खाट होती. त्या हुकाला जुना पंखा किती वर्षे लटकत होता आणि त्याखाली आई किती रात्री झोपली होती, याचा विचार करून आमचे हातपाय गार पडले.

"आज पंखा लागणार नाही," ती म्हणाली. "आधी हुक." त्या दिवशी पंखा पुन्हा खोक्यात गेला. दुसऱ्या दिवशी गवंड्याने चांगल्या जागी स्लॅबला भोक घेऊन नवा हुक पक्का केला, आणि तो पुरता मुरल्यावर, चार दिवसांनी, तिने पंखा बसवला.

निघताना आम्ही तिला चहा दिला आणि "थँक्यू बेटा" म्हणालो. खाटेवरून आईचा आवाज आला, "वायरमन आला असता तर त्याला चहावर घालवलं असतं का रे? पोरगी हाय म्हणून फुकट? मजुरी दे तिची." आमची मान खाली गेली. आयुष्यभर मजुरीसाठी भांडलेली बाई बोलत होती. मुलीने रास्त तेवढे पैसे घेतले, एक रुपया जास्त नाही.

बसवताना हे विसरू नका

पंखा बसवायला मुहूर्त लागत नाही, लिंबू-मिरची लागत नाही. मेन स्विच बंद लागतो. नुसते भिंतीवरचे बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच बंद करावा, तिथे एक माणूस उभा करावा आणि टेस्टर लावून तारेत वीज नाही याची खात्री करूनच हात घालावा. काम परवानाधारक वायरमनकडून किंवा शिकलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे. तो काय करतो आहे हे मात्र आपल्याला कळले पाहिजे.

हुक आधी तपासावा. तो स्लॅबमधल्या लोखंडात पक्का असावा. गंजलेला, वाकलेला किंवा नुसत्या खिळ्यांवर ठोकलेला हुक चालणार नाही. पत्र्याच्या घरात पत्र्याला किंवा पातळ पट्टीला पंखा टांगू नये. दोन्ही भिंतींत पक्का बसवलेला लोखंडी पाइप किंवा अँगल हवा. कौलारू घरात तुळई सडलेली नाही ना, वाळवी नाही ना, हे ठोकून पाहावे.

पाती जमिनीपासून आठ फुटांच्या आसपास वर असावीत आणि छतापासून निदान एक फूट खाली, म्हणजे वारा नीट खेळतो. घर बुटके असेल, पोटमाळ्यावर मुले झोपत असतील आणि हात पात्यांपर्यंत पोहोचत असेल, तर छताच्या पंख्याचा हट्ट सोडून भिंतीवरचा जाळीचा पंखा घ्यावा. त्यालाही रिमोट मिळतो.

हुकाचे रबर, बोल्ट आणि पिन ही तिन्ही जागेवर आहेत, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे. बऱ्याच पंख्यांबरोबर सुरक्षेची पोलादी तार येते. ती निरुपयोगी समजून फेकू नये; बोल्ट निसटला तर तीच पंखा धरून ठेवते. पाती ज्या संचातली त्याच पंख्याला लावावीत, दुसऱ्याची मिसळू नयेत, नाहीतर पंखा डुलतो. सगळे स्क्रू सारखे आवळावेत.

तारांत फेज बटणातून यावी, न्यूट्रल सरळ यावी आणि हिरवी अर्थिंगची तार जोडलेली असावी. पुष्कळ जुन्या घरांत अर्थिंगच नसते. ती तार कापून आत खुपसून ठेवतात. हे जिवावर बेतू शकते. घराला अर्थिंग आणि गळती झाल्याबरोबर वीज तोडणारा स्विच बसवून घेणे हे रिमोटपेक्षा आधीचे काम आहे. दोन्हींचे पैसे नसतील तर पंखा पुढच्या वर्षी घ्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. पाती पुसताना पंखा रिमोटने बंद करून स्टुलावर चढू नका. खाली खेळणाऱ्या मुलाने बटण दाबले तर पंखा फिरू लागेल. भिंतीवरचे बटण बंद करा आणि रिमोट स्वतःच्या खिशात ठेवा.

पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी एक शब्द. पंखा हवा थंड करत नाही, फक्त फिरवतो. वर पत्रा तापलेला असेल तर कितीही तारांकित पंखा गरम हवाच खाली ढकलेल. उन्हाळ्याच्या तोंडावर पत्र्यावर बाहेरून पांढरा चुना किंवा पांढरा रंग दिला तर ऊन परतते आणि खोली निवते. तो खर्च आधी करावा.

विहारातील पंखे

काही विहार समित्या आता वर्गणीतून असे पंखे घेत आहेत. वीजबचतीसाठी हे योग्यच आहे. मात्र एका विहारात आम्ही पाहिले की शेजारी-शेजारी एकाच जातीचे चार पंखे आणि रोखून दाबायचे रिमोट. बाळगोपाळांचा रविवारचा वर्ग चालू असताना एक पंखा कमी करायला जावे तर दोन कमी होत. पुढे चारांतले तीन रिमोट हरवले आणि चौथ्याची किल्ली कोषाध्यक्षांकडे! सार्वजनिक जागी रिमोटपेक्षा भिंतीवरून गती बदलता येईल असा वीजबचतीचा पंखा घ्यावा. काही कंपन्या बी.एल.डी.सी.लाही तसा रेग्युलेटर देतात. सर्वांच्या हाताला येईल ते सर्वांचे.

रिमोट कोणाच्या हातात?

पंखा लागला त्या पहिल्या रात्री आमच्या घरात भांडण झाले. नातवाला रिमोट हवा, कारण तो नवा. आम्हाला हवा, कारण पैसे आम्ही दिले. सुनेने तो उचलला, त्यात बारीक पेन्सिल सेल घातले, मागच्या बाजूला दोरा बांधला आणि दुसरे टोक आईच्या खाटेच्या पायाला बांधले. म्हणाली, "ज्याला उठता येत नाही त्याचा रिमोट. आपल्याला पाय आहेत."

घराघरात पाहा, टीव्हीचा रिमोट बहुधा कर्त्या पुरुषाच्या हातात असतो. ज्याच्या हातात रिमोट त्याची सत्ता. समतेच्या गोष्टी आपण सभेत टाळ्या वाजवून ऐकतो, पण ती घरात आणायची म्हणजे एवढीशी वस्तूसुद्धा कोणाच्या उशाशी ठेवायची याचा विचार करायचा. पंखा आईसाठी घेतला आणि रिमोट आपल्या खिशात ठेवला, तर आईच्या हाती काय आले? पूर्वी तिला हाक मारावी लागत होती, तशीच पुढेही लागली असती.

पहाटे जाग आली तेव्हा पंखा एकवर होता. आई गाढ झोपली होती. रात्री तिला केव्हा गार वाटले, तिने केव्हा बटण दाबले, कोणाला कळलेही नाही. कोणाला विचारावे लागले नाही, कोणाची झोप मोडावी लागली नाही. दोर तिच्याच हातात होता आणि तो ओढताना कोणाला घाम आला नव्हता.

तेव्हा बंधू-भगिनींनो, जयंतीच्या निमित्ताने घरात पंखा घ्याल तर हिशेब करून घ्या, हुक पाहून टांगा, शिकलेल्या हाताला मजुरी द्या. आणि रिमोट घेतलात तर तो ज्याच्यासाठी घेतला त्याच्याच उशाशी ठेवा.

जयभीम!